सोमवारचे गळे

सोमवारी तीन नव्या मालिका सुरू झाल्या.
मी मशीन थांबवलं नाही, आवाज वाढवला फक्त.
नवरात्राला वीस दिवस, आणि बडोद्यात वीस दिवस म्हणजे काहीच नाही.
दांडिया बाजारातलं माझं दुकान सात बाय नऊ,
त्यात एकोणतीस चणियाचोळ्या, मी, तोरल,
आणि माळ्याच्या कडेला अस्तराच्या ताग्यांत मान खुपसून बसलेला टीव्ही.

मी बघते ते गळे.
कोण कोणावर रुसलं ते तोरल सांगते.
तिला मराठी येत नाही.
हुक लावता लावता म्हणते, "मासी, आ सासु जूठी छे."
सासू अजून एक अक्षर बोललेली नसते.

सातची. नायिका गरीब.
गरीब, पण प्रिन्सेस कट, मागे दोरी, दोरीला मोत्यांचं लटकन.
बापाच्या औषधाला पैसे नाहीत म्हणून रडली
आणि माझा हिशेब झाला: अस्तर धरून अकराशे,
नवरात्राच्या घाईत तेराशे.
हुंदक्याला खांदे एवढे उडाले, बाही जागची हलली नाही.
शिवणारा कोणी तरी जाणता आहे.
शेवटच्या पाट्यांत त्याचं नाव शोधलं.
फार पळतात पाट्या.

साडेसातची. दोन जावा, एक स्वयंपाकघर,
एवढं मोठं की आमची गल्ली पंगतीला बसेल.
थोरलीचा गळा बंद,
धाकटीच्या पाठीवर पानाच्या आकाराची खिडकी.
कोण चांगली, कोण वाईट, मला पहिल्या मिनिटाला कळलं,
त्या घरच्यांना तीनशे भाग लागतील.
उद्या जागृतीबेन येतील पान मागायला.
शिंदे वकिलांची सूनही येईल,
ती म्हणेल, पान हवं, पण जरा लहान.

बोलतात मात्र सगळे इस्त्रीचं मराठी.
माझ्या वाक्याला शेवटी "ने" लागतं, पाइपिंगसारखं,
साताऱ्याची मावशी त्याला ठिगळ म्हणते.

आठची.
पहिल्याच दृश्यात शिवणयंत्र! माझा पाय पट्टीवरून उचलला गेला.
नायकाची आई. शिवण करून पोराला वाढवलेली.
मंद दिवा, मागे व्हायोलिन,
आणि बाई चाक उलटं फिरवतेय.
सुईत दोरा नाही.
चार मिनिटं उलटं चाक, चार मिनिटं त्याग.
तोरल हसली. मला नाही आलं हसू.
एकवीस वर्षं मी ते सरळ फिरवलं,
तेव्हा समोरचा सायकलवाला ट्यूबमध्ये हवा भरायचा,
तेवढंच संगीत.

जाहिराती. मग साखरपुडा.
चाळीस माणसं, जरीच जरी,
आणि मागच्या बाजूने सरबताचा ट्रे घेऊन एक मुलगी आली.
तिला वाक्य नव्हतं.
ट्रे उचलला तसं मुंढ्यात कापड ताणलं,
काखेत चूण पडली, खांदा अर्धा इंच ओघळला.
माप कोणी घेतलंच नव्हतं तिचं.
पेटीतून काढून दिलं असेल,
म्हणाले असतील, लाव ना सेफ्टी पिन, तुला कोण बघतंय.
हसत होती. श्वास मात्र अर्धाच घेत होती.

मी म्हटलं, तोरल, वही दे.
छाती बत्तीस. कंबर सत्तावीस. खांदा साडेतेरा.
मुंढा पंधरा, वर पाव इंच सूट.
नजरेचं माप, पण माझी नजर सहसा चुकत नाही.
"नाम शुं लखुं?"
लिही, आठची.
आगाऊ रक्कम: काही नाही.
द्यायची तारीख: राहू दे.

मंगळवारी आठला पुन्हा लावलं.
चाक अजून उलटंच.
ट्रे दुसऱ्या मुलीच्या हातात होता.
ब्लाउज तोच. हिला ढगळ.

तेवढ्यात जागृतीबेन पायरी चढल्या, पान मागायला.
मी टेप गळ्यात टाकली, विचारलं,
केवढं?