साखळी क्रमांक १२/४००

पूर्णगडचा पूल मागे पडला की
बंपरखालचा लेझर जागा होतो.
लाल धुळीनं त्याची काच तासाभरात आंधळी होते,
जुन्या लुंगीच्या फडक्यानं मी ती पुसते.
फडकं याकूब सोलकरांचं, गाडी ठेकेदाराची,
आकडे माझे.

हिशेब सोपा आहे.
लेझर मोजतो गाडीपासून रस्ता किती खाली,
दुसरी डबी मोजते गाडी स्वतः किती उसळली.
एकातून दुसरं वजा केलं
की उरतो तो रस्ता.
आपले हिसके आपण वजा करायचे, एवढंच.
हे समजावलं तेव्हा याकूबभाई म्हणाले,
"मग माणसांना पण लावा की ही डबी."

गावखडीला, सुरूच्या बनापाशी,
कुणी अर्ध्या रस्त्यावर जवळा वाळत घातलेला.
चाक चुकलं, लेझर नाही चुकला:
अडीच मिलिमीटर उंच, चाळीस पावलं लांब,
गुलाबी.
रंग यंत्राला कळत नाही, तो मी सांगते आहे.
कावळे हाकणारी बाई ओरडली,
"मोजताय तर वजन पण करा!"

मग कशेळीच्या अलीकडचा उतार.
डांबर नवंकोरं, ताटासारखं,
आणि याकूबभाईंचा पाय ब्रेकवर.
वेग अठरा. पडदा लाल.
पंचवीसच्या खाली यंत्र काही लिहून घेत नाही.
"परत घेऊ," मी म्हटलं.
परत आलो. चाळीस, अडतीस, पस्तीस,
आणि त्याच काजूपाशी
अठरा.

तिसऱ्यांदा त्यांनीच गाडी कडेला घेतली.
"इथं चर होता. आडवा, हातभर.
भाऊ कलमावरून पडलेला, टेम्पोत फळीवर निजवलेला.
डॉक्टर फोनवर म्हणाला, गचका नको.
सगळा रस्ता सांभाळला मी, मॅडम.
हा एक दिसला नाही."

काजूची बोंडं उन्हात आंबत होती.
मी विचारलं नाही, तेच म्हणाले,
"आहे. खाटेवर आहे.
कधी बोलला नाही त्यावरून.
फक्त मी घरी गेलो की रोज विचारतो,
रस्ता कसा होता रे?"

चर बुजवून किती वर्षं झाली
ते बांधकाम खात्याच्या वहीत असेल.
गाडीचं उसळणं वजा करता येतं;
पावलातला हा चर
कुठल्या रकान्यातून वजा करू?

तक्त्यात खंडाची कारणं तीनच दिलेली:
जनावर, वाहतूक, ओला पृष्ठभाग.
एप्रिल होता. डांबर तापून चाकांना चिकटत होतं.
मी ओला पृष्ठभाग लिहिलं.

आडिवऱ्याला चहा घेताना त्यांनी पडद्याकडे पाहिलं.
"आकडा काय आला?"
"दोन पूर्णांक एक."
"दोन पूर्णांक एक," त्यांनी घोकलं,
बशीतला चहा थंड होईपर्यंत.
"म्हणजे चांगला ना?
सांगायचं आहे घरी."