बिनविरोध

अंबडला, बॅटरीच्या दुकानावरच्या मजल्यावर
आम्ही अकरा जणी इंग्लंड रंगवतो.
खाली स्कॅन केलेला जुना नकाशा,
वर माउसचं टिंब, टिंब, टिंब,
शेवटचं टिंब पहिल्याला टेकलं
की एक मतदारसंघ मिटतो.
"बंद झाला का?" गायधनी सर प्रत्येकीला विचारतात.
फट राहिली तर रंग बाहेर सांडतो.

कॉन्झर्व्हेटिव्ह निळा, लिबरल पिवळा, मजूर लाल,
आयर्लंडच्या राष्ट्रवाद्यांना हिरवा.
अर्ज एकच आला असेल तिथे रंगावर तिरप्या रेषा:
बिनविरोध.

शबिस्ता आठवडाभर वॉर्सेस्टर म्हणत होती.
ते वूस्टर आहे म्हणे.
असू दे. त्यांनी आपल्या त्र्यंबकचं ट्रिम्बक केलं होतं,
फिटंफाट.

विक बर्ग्ज नावाचा एक मतदारसंघ होता.
सहा गावं, एकमेकांना न दिसणारी,
त्यातलं एक तर समुद्रापलीकडच्या बेटावर,
आणि सगळ्यांत मिळून खासदार एक.
मी सहा ठिपके काढले, एकाच नंबरात बांधले.
युनिव्हर्सिट्यांच्या जागांना तर जमीनच नाही,
नुसती पदवीधरांची मतं.
त्यांच्यासाठी समुद्रात चौकोन काढले,
सरांनी मान्य केलं.

घरी सांगितलं तर वडील खूप हसले.
"जमिनीवाचून सातबारा!"
चौतीस वर्षं भूकरमापक, दिंडोरी, पेठ, सुरगाणा.
साखळी ओढून ओढून उजवा खांदा खाली आलेला.
बांध कोरणारे भाऊ-भाऊ त्यांनी पाहिलेत,
चौकोन पाण्यावर काढणारी मुलगी पहिल्यांदाच.

काल जानेवारी १९१० सुरू केलं.
आयर्लंड उघडलं तर हिरव्यावर तिरप्या रेषाच रेषा,
पाऊस लागावा तशा.
वडील चष्मा पुसून पुढे वाकले.
"इथे भांडण नव्हतं का?"
होतं की. इतकं होतं
की समोर उभं राहायला कुणी उरलं नाही.
ते गप्प. मग म्हणाले,
"त्याच्या आधीच्या डिसेंबरात
आपल्याकडे थिएटरात गोळ्या झाडल्या होत्या.
कलेक्टरला. तो नाटक बघायला आला होता.
हे कुठल्या रकान्यात येतं?"

माझ्याकडे रकाने नऊ आहेत.
मतदारसंघ, वर्ष, उमेदवार, पक्ष,
मतं, मताधिक्य, एकूण मतदार,
बिनविरोध हो किंवा नाही,
शेरा.
एकूण मतदारांत बाई एकही नाही,
हे मला दुसऱ्या आठवड्यात कळलं.
त्याला वेगळा रकाना लागत नाही,
आकड्यातच मिटलेलं आहे ते.

"आणि कागद कुठे संपतो?"
डोव्हरच्या पुढे थोडा समुद्र. मग किनार.
"स्केल?"
स्क्रीनवर सगळं बेट साधारण एक वीत.
त्यांनी वीत टाकली.
स्क्रीनच्या कडेवरून टेबलक्लॉथवर उतरली,
दुसरी चष्म्याच्या डबीवरून,
तिसरी बशीला वळसा घालून.
टेबल संपलं.
ते उठले, गुडघा धरून,
चौथी हवेत मोजली, पाचवी भिंतीवर,
मध्येच विसरले, परत टेबलापासून सुरू केली.
आई आतून म्हणाली, काय चाललंय?
कुणी उत्तर दिलं नाही.

साडेसहा वितींवर ते थांबले.
दाराशी, चपलांच्या स्टँडजवळ.
"अंदाजे हे नाशिक," म्हणाले, मोजणी मान्य असल्यासारखे.

तिथे माझी एक चप्पल सुलटी, एक उपडी,
आणि फरशीची फुटकी कड.
मी लॅपटॉपवरून मान वळवून बराच वेळ बघत राहिले.
इथे रंग कोणता भरायचा.
रेषा द्यायच्या की नाही.