तोलूची वही

वहीचं पहिलं पान रुबिएलाच्या अक्षरात:
बस, जाऊन-येऊन, माणशी एकशे ऐंशी हजार पेसो.
हजार ऐकून दचकू नका.
आमच्याकडे टपरीवरची काळी कॉफीसुद्धा
हजारांतच मिळते.
खिशात हजारो असतात, आणि खिसा रिकामा असतो.

मेदेयीनच्या शर्टांच्या कारखान्यातले आम्ही सहा जण:
कॉलर लावणारी मी,
काजं करणारा ओविदिओ,
इस्त्रीवरच्या दोघी बहिणी, फान्नी आणि मिर्याम,
हिशेबाला रुबिएला,
आणि तिचा भाचा येइसोन, कारण
भाताचं पातेलं कुणीतरी मांडीवर धरायला हवं होतं.

रात्रभर डोंगर उतरत होता.
प्रत्येक वळणावर पातेलं डावीकडे, येइसोन उजवीकडे.
पहाटे दार उघडलं आणि उकाडा
ओळखीच्या पाहुण्यासारखा न विचारता आत शिरला.

हॉटेलचं नाव ‘सागरदर्शन’.
दर्शन होतं, खोटं नाही.
कमोडवर उभं राहायचं,
खिडकीतून मान बाहेर काढायची,
शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या चादरीला
वारा सुटेपर्यंत थांबायचं.
‘दिसतो की,’ मालकीण दोन्या नुरिस म्हणाली,
‘थोडी मेहनत घ्यावी लागते, एवढंच.’

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणे.
अंथरुणं दोन, पाय बारा.
पंखा एक, तोही बहिणींच्या बाजूला वळला
की तिथेच रमायचा.

किनाऱ्यावर एक शिंपलेवाला आला,
लिंबू पिळलं, ‘घ्या, हा फुकट’ म्हणाला.
येइसोनने घेतला. मग अजून एक घेतला.
वहीत नोंद आहे:
शिंपले (फुकट) – पंचवीस हजार.
पुढे रुबिएलाने पेन इतकं दाबलंय
की तिसऱ्या पानापर्यंत भोक.

संध्याकाळी तीनचाकी सायकलगाडी केली.
चौघांची जागा, सहा जण,
आणि गाडीपेक्षा मोठे दोन स्पीकर.
चढावर दम संपला तिचा,
म्हणून आम्ही उतरून ढकलू लागलो.
वाल्बेर्तो हँडलवर बसून
गाणी बदलत होता, फर्माईश विचारत होता.
भाड्यातून आमची मजुरी वजा कर, रुबिएला म्हणाली.
त्याने गंभीरपणे बोटांवर हिशेब केला
आणि एक गाणं जास्तीचं वाजवलं.

ओविदिओचं सांगायचं राहिलं.
अठ्ठावन्न वर्षांचा, समुद्र पहिल्यांदाच.
इस्त्रीची पँट (मिर्यामने केलेली, कडक घडीची)
गुडघ्यापर्यंत दुमडून तो पाण्यात गेला,
आणि तिथेच उभा राहिला.
आमची आंघोळ झाली, भात झाला, भात संपला,
खरवड कुणी खायची यावरून भांडण झालं.
तो उभाच.
मी जवळ जाऊन विचारलं, कसा आहे?
बराच वेळ ऐकून म्हणाला,
‘याला जेवणाची सुट्टी नसते का गं, एदिल्मा?’

निघताना त्याने वाळूतली एक बाटली उचलली,
धुतली, भरली, झाकण घट्ट लावलं.
आईला हवंय, म्हणाला. एवढंच.
परतीच्या वळणांवर
पातेलं एकटंच सीटखाली लोळत होतं,
बाटली मात्र सहा मांड्यांवरून फिरत आली,
झोपणाऱ्याने जागणाऱ्याकडे द्यायची,
असं कुणी ठरवलं नव्हतं.

सोमवारी कारखान्यात
माझ्या सुईखाली कचकन वाळू आली.
काजांच्या यंत्राच्या आवाजावर आवाज चढवून
मी विचारलं, काय म्हणाली आई?

परातीत ओतलं, म्हणाला.
दोन्ही पाय बुडवून बसली तासभर.
मग बोट बुडवलं, चाखलं,
आणि ज्याने केलंय त्याला सांग म्हणाली,
मीठ जरा जास्त पडलंय.