बत्तीस सेंटीमीटरचा माणूस

तुर्भ्याच्या आमच्या सेंटरात
सीटी मशीन ज्याला माणूस समजतं
तो एक पारदर्शक प्लास्टिकचा ओंडका आहे,
व्यास बत्तीस सेंटीमीटर.
त्याला बेंबी नाही, खोकला नाही,
श्वास रोखा म्हणायचीही गरज नाही.
वर्षातून एकदा कपाटातून काढते, पुसते,
टेबलावर आडवा करते.
पडद्यावर डोसचा जो आकडा उमटतो
तो नेहमी त्याचाच,
आत झोपलेलं कुणीही असो.

परवा रात्रपाळीला शेलारमामा आले,
कांदा-बटाटा मार्केटातले माथाडी,
एकशे बारा किलो, मानेवर गोणीचा घट्टा.
टेबल कुरकुरलं. आकडा लाल.
भिंतीवरच्या तक्त्यातली मर्यादा ओलांडली,
म्हणून तीन ओळींत कारण लिहिलं.

मग उर्वी मढवी, घणसोलीची,
अकरा महिन्यांची, पोटात गाठ आहे का बघायला.
झोपेचं औषध दिलेलं.
स्कॅनआधीचा अंदाज हिरवा.
हिरव्याला कुणी कारण विचारत नाही.

तिची आई दाराशी, हातात एकच पायमोजा.
"किती लागेल हो तिला?"
'लागेल'चे दोन अर्थ
इतके खेटून उभे मी कधी पाहिले नव्हते.

स्काउटच्या चित्रांवर रेघा ओढल्या.
आडवी पंधरा, उभी तेरा,
गुणून वर्गमूळ, चौदा.
चौदाला गुणक दोन पूर्णांक दोन.
म्हणजे त्या हिरव्या आकड्याच्या पोटात
त्याच्या दुपटीहून मोठा आकडा
गुपचूप झोपला होता.
करंट खाली आणला.
पुन्हा मोजलं, अजून खाली.
चित्रं थोडी रवाळ येतील, येऊ देत,
गाठ असली तर दिसेल एवढी येतील.
मग बटण दाबलं.

मामा बाहेर बाकड्यावर, रिपोर्टसाठी.
त्यांचा गुणक एकाहून कमी निघाला.
म्हटलं, मामा, तुमचा लाल तितका लाल नव्हता.
त्यांना काय कळलं कोण जाणे.
म्हणाले, "काटा खोटं नाय बोलत, बाई.
बारदान वजा करायचं आपणच विसरतो."

सकाळी रजिस्टरात एक रकाना वाढवला,
पट्टी न लावता, जरा तिरकाच.
वर लिहिलं: रुंदी.
साहेब विचारतील, हा कुणी सांगितला?

टेबलाखाली दुसरा पायमोजा सापडला.
तोही मोजला.
नऊ.