मामाला रस्ता दाखवताना

पोझो अल्मोन्तेच्या पंपावर टाकी भरली.
चार पाव, उकडलेली अंडी, पुडीत मीठ,
मामाचा काढा थर्मासमध्ये.
बत्तीस वर्षं हा पाण्याचा टँकर त्याने चालवला.
आता स्टिअरिंग माझ्याकडे
आणि त्याच्याकडे खिडकी.
डोळ्यांत त्याच्या दूध सांडलंय,
काच खाली करून तो रस्ता ऐकतो.

"तामारुगोची झाडं आली," म्हणतो.
आलेली असतात. उजवीकडे, धुळकट, रांगेत उभी,
पाऊस ठाऊक नसून हट्टाने हिरवी.
"कसं कळलं?"
"वारा अडखळला."

मग काहीच नाही.
काहीच नाही म्हणजे किती, हे मला सांगता येत नाही.
आधी तांबूस, मग राखेसारखं,
मग नुसता उजेड, तापल्या पत्र्यासारखा,
आणि दूरवर पाणी, जे पाणी नसतं.
टँकरमधलं मात्र प्रत्येक चढाला
पाठीमागून दार ठोठावतं.

डोंगराच्या अंगावर जुन्या लोकांनी
दगड सरकवून काढलेली लामांची रांग.
"मोज," मामा म्हणतो.
"अकरा."
"बारा. एक पिल्लू आहे, आईच्या आड."
मी ट्रक कडेला घेते. उतरते. डोळ्यांवर हात धरते.
बारा.

सोरा संपला तशी गावंही संपली इथली.
एका गावात नाटकघर उरलंय, छपराविना,
आणि तिकिटं फाडायला एर्मेलिंदा चायापा.
दिवसाला दोन माणसं येतात, कधी तीही नाहीत.
तिचं पिंप भरताना ती मामाला विचारते,
"अजून जिवंत तू?"
"ट्रकला विचार."
ती हसते, मग त्याच्या शर्टाचं चुकीचं लागलेलं बटण
सोडवून नीट लावते.
मी नळीकडे बघत राहते. नळी बघण्यासारखी नसते.

पुढच्या वळणावर नेल्सन तिकोनाचा कोनाडा.
पत्र्याचं घरकुल, प्लास्टिकची फुलं, मोटरसायकलचा आरसा,
आणि भोवती बाटल्या, बाटल्या, पाण्याच्या बाटल्या.
तो तहानेने गेला नाही, झोपेने गेला,
तरी येणारा जाणारा पाणीच ठेवतो.
"दुसरं द्यायचं काय इथे?" मामा म्हणतो,
आणि मग, बराच वेळाने,
"त्याला कॉफी द्यायला हवी होती."

किलाग्वा जवळ आलं तसा तो सरळ बसला.
"पिमिएन्तो आहे ना अजून? चौकीच्या पलीकडे?"
त्याच्याखाली तो बत्तीस वर्षं जेवला होता.
मी पाहिलं. गुडघ्याएवढं खोड,
त्याला पांढरा रंग, वर जुना टायर.
"आहे," मी म्हणाले.
"थांबव मग."

थांबवणं आलं.
दोनदा मागे, एकदा पुढे घेत
मी ट्रक असा उभा केला
की त्याची सावली खोडावर पडावी.
मामा चाकाला टेकून बसला. अंडं सोललं.
टरफलं खिशात घातली, नेहमीसारखी.
बराच वेळ काही बोलला नाही.
नदी कुठेतरी होती, बारीक, खारट, न दिसणारी.

"वाढलंय," तो म्हणाला.
मी मीठ पुढे केलं.
"डिझेलवर वाढलंय वाटतं."

मी काय बोलणार.
त्याने अर्धं अंडं माझ्या तळहातावर ठेवलं,
उरलेला काढा हाताने चाचपून
खोडाच्या मुळाशी ओतला, आणि उठला.

कालामाकडे वळलो तेव्हा ऊन उतरलं होतं,
डोंगर एकेक करून जांभळे होत होते,
आणि त्यातल्या एकाचंही मी त्याला काही सांगितलं नाही,
कारण तो झोपलाय असं मला वाटलं.

"खड्डा आहे पुढे," डोळे मिटूनच तो बोलला, "डावीकडे. जपून, एदुविना."
खड्डा कधीचा बुजला होता,
नवं डांबर चकचकत होतं.
मी ब्रेकवर पाय ठेवून
एक हिसका दिला.

"बघ," मामा म्हणाला.