नावे

ग्रंथालयाच्या तळघरात एक यंत्र आहे,
हवेतली ओल पिऊन बादलीत थुंकणारं.
दर चार तासांनी बादली रिकामी करायची,
नाहीतर यंत्र आपणहून बंद पडतं
आणि शंभर वर्षांचे कागद
पुन्हा घाम गाळू लागतात.
एम.ए.च्या पहिल्या आठवड्यात
मला एवढंच शिकवलं गेलं.

पहाटे साडेपाचला मी शाळेची पिवळी बस काढते.
पोरं उतरवून ती पेकनच्या झाडाखाली लावते
आणि नऊ ते दोन विद्यार्थिनी असते.
वय चव्वेचाळीस.
वर्गातली मुलं मला मिस मॅबिन म्हणतात,
उत्तर येत नसलं की माझ्याकडे बघतात,
जणू वयाबरोबर तेही आलं असेल.

टेरेल, माझा मावसभाऊ, फोनवर म्हणाला,
त्या मोठ्या विद्यापीठानं पैसे देऊ केले होते ना तुला?
तिथे लिफ्ट चालते. तिथे छत गळत नाही.
खरं आहे.
गेले होते मी तिथे, बघायला.
एका बाईंनी फार प्रेमानं विचारलं,
या विषयाचं महत्त्व जरा समजावून सांगाल?
समजावलं. चाळीस मिनिटं समजावलं.
इथे डॉ. प्रुइट यांनी विषय ऐकला
आणि म्हणाल्या,
वह्या खाली आहेत. बादली विसरू नकोस.

वह्या टिसडेल आणि पुत्र यांच्या.
प्रेतं न्हाऊ घालणारं, शवपेट्या विकणारं
काळ्यांचं काळ्यांसाठीचं दुकान,
अलाबामातल्या या गावात, १९१९ पासून.
एका बाजूला नावे, दुसऱ्या बाजूला जमा.
जमा: सहा डॉलर.
जमा: दोन कोंबड्या.
जमा: तीन दिवस छपराचं काम.
जमा: रताळी, अर्धं पोतं, विधवेनं स्वतः आणून दिली.
सरकारी दप्तरात जो नुसता 'एक मजूर',
तो इथे आडनावासकट, मापासकट:
उंची पाच फूट अकरा, पेटी पाइनची,
आतून पांढरं कापड, कारण बायकोनं हट्ट धरला.
नावे बाजूलाच सापडली मला
माणसांची नावं.

पान दोनशे सात. आयझेया मॅबिन. मार्च १९३१.
पेटी, गाडी, खड्डा मिळून अडतीस.
जमा सत्तावीस, चार हप्त्यांत.
येणे बाकी अकरा.
पुढे कोरं.

माझे पणजोबा.
त्यांचा फोटो नाही आमच्याकडे, पत्र नाही,
आहेत ते हे अकरा डॉलर.
त्या दिवशी बादली भरून वाहिली
आणि यंत्र बंद पडल्याचं
मला कितीतरी वेळ कळलंच नाही.

शुक्रवारी टिसडेलांच्या दारात उभी राहिले.
नातू आता ऐंशीचा, टाय अजून सरळ.
बाई, म्हणाला, आजोबांनी ते केव्हाच सोडून दिलं असेल.
म्हटलं, नाही सोडलेलं. वही माझ्याकडे आहे.
हसला. खोकला येईपर्यंत हसला.
मग चष्मा लावून नोटा दोनदा मोजल्या
आणि पावती फाडली.
व्याज? मी विचारलं.
मेलेल्यांवर आम्ही कधीच लावलं नाही.

मूळ वहीत काही लिहायचं नाही, डॉ. प्रुइट म्हणाल्या,
पेन्सिलीनंसुद्धा नाही.
पान दोनशे सात जसं आहे तसं राहील,
कर्ज चुकलं तरी.
तळटीप दे.
दिली. तळटीप बेचाळीस.
हिरव्या शाईत शेरा आला:
पावतीचा क्रमांक राहिला.
आणि त्याखाली, आणखी बारीक अक्षरात,
माझ्या आईचंही बघशील का त्या वह्यांत?

दोन वाजायला दहा मिनिटं.
बादली पेकनच्या मुळाशी ओतते,
हात जीन्सला पुसते, बस सुरू करते.
तिसऱ्या थांब्याची झुरी, दुसरीतली,
माझ्या सीटमागचे कागद बघून विचारते,
तुमचा गृहपाठ झाला का?

बाकी आहे, म्हणते मी.
खाली बस.