खाते

वाळपईहून पहाटेची बस, पणजीला उतरून दुसरी,
आणि विद्यापीठात पोचेपर्यंत दहा वाजून गेले.
ताळगावच्या पठारावर वारा सतत कुणाचे तरी कागद उडवत असतो.
आज माझे.
संगणक केंद्राच्या पायरीवर फाईल गुडघ्यांत दाबून
मी माझ्या मुलाच्या वयाच्या रांगेत बसले.

खिडकीत आवेलिनो. चष्मा कपाळावर,
कागदात गुंडाळलेला अर्धा पाव कीबोर्डच्या शेजारी.
'बाय, नांव कितें?'
मी म्हटलं, कुठलं सांगू?

तो हसला नाही. हा प्रश्न त्याला नवा नसावा.
दहावीच्या सर्टिफिकेटवर कुंदा लक्ष्मण माजिक.
आधारवर संचिता गावस.
गावसचं स्पेलिंग बँकेने एक केलं, वीज खात्याने दुसरं,
आणि चोवीस वर्षांपूर्वी तांदळाच्या परातीत
नवऱ्याने अंगठीने जे कोरलं
ते मी धड वाचण्याआधीच
कुणीतरी परात उचलून आत नेली.
त्या रात्री बहुतेक त्याचाच भात झाला असेल.

'सिस्टीम सर्टिफिकेटाचेंच घेता,' आवेलिनो म्हणाला.
दोन बोटांनी एकेक अक्षर दाबत गेला.
पडद्यावर कुंदा.
मी मागे वळून पाहिलं,
कुणाला हाक मारली म्हणून.

मग पासवर्ड. आठ अक्षरं, त्यांत एक मोठं,
एक आकडा, एक चिन्ह.
मोठं अक्षर? मी पहिलीला शिकवते, आवेलिनोबाब,
आमच्याकडे सगळी एकाच उंचीची,
एकाच रेघेला लोंबकळलेली.
पहिला केला तो कमकुवत, पट्टी लाल.
दुसरा बरा, पण बराच.
तिसऱ्यात बसचं तिकीट काढून त्याचा आकडा घातला,
शेवटी उद्गारचिन्ह, कारण तेवढंच एक चिन्ह
मला वर्गात मनापासून शिकवता येतं.
'आंटी,' मागचा मुलगा हळूच म्हणाला,
'टाईप करताना मोठ्याने म्हणू नका.'

आणि विसरलात तर ओळख पटवायला एक प्रश्न,
ज्याचं उत्तर फक्त तुम्हालाच ठाऊक असेल:
आईचं लग्नाआधीचं नाव.

मला ठाऊक नव्हतं.

बाहेर येऊन केरीला फोन लावला.
आई चवथीचे अळसांदे निवडत होती.
'कशाला?'
'कॉम्प्युटरला हवंय.'
'त्याचं माझ्याकडे काय काम?'
मग बराच वेळ नुसता सुपाचा आवाज.
अप्पांना जाऊन सहा वर्षं झाली,
तरी ती इतकं हळू बोलली
की मला दोनदा विचारावं लागलं.
दुसऱ्यांदा जरा मोठ्याने सांगितलं,
आणि स्वतःच ऐकत राहिली.

ते नाव मी इथे लिहिणार नाही.
किती अक्षरी, तेही नाही.

खिडकीशी परत आले तर आवेलिनो जेवायला गेलेला.
अडीचला आला, कळ दाबली, गोल गोल चक्र फिरलं,
मोबाईलवर तीन रेघांची छत्री उघडली.
पहिली मेल: प्रिय विद्यार्थी,
ग्रंथालयाची देणी वेळेत चुकती करा.
अजून एक पुस्तक घेतलं नव्हतं मी.

परतीच्या बसमध्ये, साखळी यायच्या आधी, आईचाच फोन.
'लागलं काय गो?'
लागलं.
'मग त्या नावाचं काय केलं त्यांनी?'
आत ठेवलंय.
'कुणाला दाखवीत नाहीत ना?'
नाही. लिहिलं की नुसते ठिपके दिसतात.
'किती?'
मी मनात मोजले, आणि सांगितले.
ती म्हणाली, बरोबर आहेत.
तिला इंग्रजी येत नाही.